ओल लागू देऊ नका

जाफरचा कफ माझ्या टेबलावर आला तेव्हा तो विटेच्या चुऱ्यासारख्या रंगाचा होता. पुस्तकात 'गंजाच्या रंगाचा' असं लिहिलेलं असतं. मी तो काचपट्टीवर पसरला, वाळवला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जंतूंचे जांभळे, लांबट ठिपके जोडीजोडीनं बसलेले. इतके स्पष्ट की मला आनंद झाला. आनंद होण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण कॉलेजात जे चित्रात पाहिलं ते खरंच तसंच असतं, हे त्या वयात फार वाटायचं.

१९५७चा डिसेंबर होता. तालुक्याच्या गावातल्या वीस खाटांच्या दवाखान्यात मला लागून चार महिने झाले होते. राज्य हैदराबादचं जाऊन मुंबईचं झालं होतं, पण आमचे तक्ते अजून जुनेच होते, उर्दू मथळ्यांचे. प्रयोगशाळा म्हणजे उत्तरेच्या खिडकीची एक खोली. बी. एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं होतं, म्हणून ती खोली माझी झाली.

डॉक्टर मल्लिनाथ बिराजदारांनी काचपट्टी पाहिली आणि नुसती मान हलवली. छातीला नळी लावून त्यांना ते आधीच कळलेलं होतं. "न्यूमोनिया. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पूर्ण धरलाय," ते म्हणाले. "दर सहा तासांनी पेनिसिलीनची सुई. सोबत सल्फाच्या गोळ्या, आधी चार, मग दर चार तासांनी दोन. गोळीबरोबर सोड्याची पुडी आणि पाणी. पाणी चिकार. महारुद्र, पेनिसिलीन किती दिवसांचं आहे?"

मी कपाट उघडून पाहिलं. "उद्या दुपारपर्यंतचं."

"मग त्याच्या वडलांना बार्शीला पाठवा. चिठ्ठी मी देतो. औषध कसं आणायचं, कसं ठेवायचं, ते तुम्ही समजावून सांगा."

ते मी समजावून सांगितलं. या गोष्टीत पुढं जे झालं ते तिथून सुरू झालं.

जाफरचे वडील खाजाभाई तेरखेड्याचे. शोभेची दारू बनवणं हे त्यांचं काम. भुईनळे, फुलबाज्या, लग्नाच्या वरातीतली झाडं. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. उजव्या हाताच्या दोन बोटांची नखं जळून गेलेली. मी त्यांना कपाटातली एक रिकामी बाटली दाखवली, रबराचं बूच दाखवलं आणि सांगितलं, "आत पांढरी भुकटी असते. बाटल्या कापडात गुंडाळून कोरड्या डब्यात आणा. ओल लागू देऊ नका. ओल लागली की औषध मरतं."

खाजाभाईंचा चेहरा एकदम बदलला. तोपर्यंत ते दवाखान्यात सगळे असतात तसे अवघडून उभे होते. आता ते माझ्या टेबलाला टेकले.

"मरतं? म्हंजे पुन्हा वाळवलं तरी?"

"तरीही."

"आमचंबी तसंच साहेब. भुकटीला एकदा दमट हवा लागू द्या, मग ती नुसती फुसफुसती. आषाढ-श्रावणात आम्ही हातच लावत न्हाय." त्यांनी चिमूट चोळल्यासारखी बोटं फिरवली. "बोटाला कळतं. आमच्या बापानं पैला धडा हाच दिला, पाणी दुश्मन."

मला तो माणूस फार आवडला. समोरच्याला आपलं बोलणं तंतोतंत समजतंय, हे सुख त्या नोकरीत क्वचित मिळायचं. मी त्यांना आणखी दोन-चार वाक्यं सांगितली. भुकटीचे कण पाण्याबरोबर कसे फुटतात वगैरे. त्यांनी ती मन लावून ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस. टी.नं ते परत आले तेव्हा बाटल्या जुन्या धोतराच्या तुकड्यात, त्यावर मेणकापड, आणि ते सगळं चुन्याचा थर दिलेल्या पत्र्याच्या डब्यात. चुना ओल ओढून घेतो म्हणून. एखाद्या कारखान्यानंही इतकं नीट पाठवलं नसतं.

औषध लागू पडलं. एकशेचारचा ताप दुसऱ्या दिवशी एकशेदोन, तिसऱ्या दिवशी सकाळी शंभर. जाफर बावीस वर्षांचा होता, धिप्पाड. श्वास घेताना कण्हायचा तो कमी झाला. त्याची आई बेगमबी खाटेच्या पायथ्याशी बसून असायच्या. मी वॉर्डातून गेलो की पदर सारखा करून हात जोडायच्या.

वॉर्डात नर्स एकच, मथुराबाई. वीस खाटा आणि त्या एकट्या. सुई त्या द्यायच्या, आतल्या खोलीत बाटलीत पाणी सोडून, हलवून, भरून आणायच्या. गोळी मात्र नातेवाइकाच्या हातावर ठेवून पुढच्या खाटेकडं जायच्या. पाणी पाजणं हे घरच्यांचं काम. किती पाजलं ते विचारून त्या तक्त्यावर उभ्या रेघा मारायच्या, पेल्याला एक रेघ. वरचे उर्दू मथळे त्यांना वाचता येत नसत, पण रेघा चुकत नसत.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एक बाटली माझ्याकडं आणली. "भाऊ, हे खाजाभाईंच्या पोराचं. सकाळपासनं एवढंच झालं बघा. आन् रंग कसा दिसतोय?"

बाटलीच्या तळाशी तीन-चार चमचे लघवी होती. रंग काळपट तांबडा.

मी ती गाळ खाली बसवायच्या हातयंत्रात फिरवली, तळाचा गाळ काचेवर घेतला आणि पाहिलं. आधी वाटलं, काच घाण आहे. दुसरी घेतली. तेच. सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या सबंध गोलात पिवळसर, सुईसारखे खडे, आणि ते एकेकटे नव्हते. मधे आवळून बांधलेले, दोन्हीकडं फुललेले. ज्वारीच्या काढणीनंतर शेतात पेंढ्या पडलेल्या असतात, हुबेहूब तशा पेंढ्या. त्यांच्यामधे लाल पेशी विखुरलेल्या.

ते काय आहे ते मला वाचून माहीत होतं. सल्फा रक्तातून मूत्रपिंडात येतं, आणि तिथं त्याला पुरेसं पाणी मिळालं नाही की खडे धरतं. खडे बारीक नळ्यांत अडकतात, ओरबाडतात, नळ्या बुजवतात. बुजल्या की लघवी थांबते, आणि मग न्यूमोनिया बरा होऊनही माणूस जातो. म्हणूनच तर सोडा आणि पाणी.

पण पाणी तर होतं. मी उठून वॉर्डात गेलो आणि तक्ता पाहिला. काल चौदा रेघा. परवा तेरा. पेला पाव शेराचा. मी तिथंच मनात हिशेब केला. साडेतीन शेर आत गेलं, कपभरही बाहेर आलं नाही. घामात जाऊन जाऊन किती जाईल? डिसेंबर होता, जाफरच्या अंगावर घोंगडी होती आणि घोंगडी कोरडी होती. त्याचे ओठ तडकले होते. जीभ मी दाखवायला सांगितली, ती चामड्यासारखी.

"मथुराबाई, या रेघा कुणी सांगितल्या?"

"त्याच्या आईनं. मी विचारते, किती पेले? ती बोटं दाखवती."

बेगमबी खाली बघत होत्या. खाजाभाई बाहेर नमाजाला गेले होते. शेजारच्या खाटेवर कळंबकडचे बब्रुवान होते, बैलगाडीवरून पडून पाय मोडलेले, पायाला प्लास्टर. तीन दिवस त्यांना दुसरं काही काम नव्हतं.

"कुठलं पाणी अन् काय घेऊन बसलात साहेब," ते म्हणाले. "ते पोरगं तीन दिस माझ्या तांब्याकडं बघून जगलंय. काल म्या म्हणलं बी, खाजाभाई, पोराला बरं करताय का पापड वाळवताय? तर म्हणले, तुमी पायाचं बघा. आता पायाचं काय बघायचं? तो हलतोय थोडाच."

"खरं का?" मी बेगमबींना विचारलं.

त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं. "बाईंना रोज न्हाय म्हणायची लाज वाटती. त्या रागं भरत्यात. पाणी आणते म्या चौदा पेले, खोटं न्हाय सांगत. अंग पुसते त्यानं. पाजायचं न्हाय म्हणून यांची ताकीद हाय." आणि मग एकदम, "म्या लई म्हणलं साहेब! लेकरू रातदिस पाणी पाणी करतंय. आईच्यानं बघवत न्हाय."

"अन् सोड्याच्या पुड्या?"

त्यांनी उशी उचलली. मेणकापडाच्या घडीत पंधरा-सोळा पुड्या नीट रचून ठेवलेल्या. कोरड्या ठक्क. शेजारी मधाची छोटी बाटली. गोळ्या मधातून चाटवल्या होत्या.

खाजाभाई आले. मी त्यांना विचारलं तेव्हा ते जराही ओशाळले नाहीत. उलट माझ्याकडं असं पाहिलं, की बाकीच्यांचं ठीक आहे, पण तुम्हीसुद्धा विचारता?

"साहेब, तुमीच सांगितलं की. ओल लागली की औषध मरतं. गोळी म्हंजे काय? दाबलेली भुकटी. ती पोटात गेली. वरून घटाघटा पाणी ओतलं तर ऱ्हाईल का तिच्यात जान? मधाचं चालतं, मधात ओल नसती." मग आवाज उतरवून म्हणाले, "डॉक्टरसाहेब म्हणले पाणी पाजा. मला वाटलं ते सगळ्यांनाच सांगतेत, रीत म्हणून. औषधाची खरी गोष्ट तुमी सांगितली. अन् बघा ना, ताप उतरला का न्हाय?"

त्यांच्या बोलण्यात चूक दाखवायची तर माझ्याच वाक्यापासून सुरुवात करावी लागत होती. मी बाटलीतल्या भुकटीबद्दल बोललो होतो. त्यांनी त्यातून नियम काढला होता, आणि नियम काढण्याची त्यांची रीत माझ्यापेक्षा वेगळी नव्हती.

मी डॉक्टरांकडं धावलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग चष्मा काढून डोळे चोळले. "सल्फा बंद. सुया चालू ठेवा. ग्लुकोज-सलाईनची बाटली एकच आहे, ती लावतो, पण ती पुरायची नाही. त्याला प्यावं लागेल. सोडा आणि पाणी, तासाला दोन पेले. उद्या सकाळपर्यंत लघवी सुटली तर ठीक. नाही सुटली तर सोलापूरला न्यायचं, आणि तिथंही..." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "हे त्यांच्या डोक्यात आलं कुठून?"

"माझ्यामुळं," मी म्हणालो. "पेनिसिलीनच्या बाटलीबद्दल मी सांगितलं होतं. पुढचं काही सांगितलं नाही."

ते रागावतील असं वाटलं. "मग पाणी पाजायला त्यांना तयारही तुम्हीच करा," एवढंच म्हणाले. "माझं ते ऐकत नाहीत, दिसतंच आहे."

खाजाभाई खरोखरच तयार नव्हते. पेला घेऊन आलेल्या मथुराबाईंच्या आडवे उभे होते. "ताप उतरतोय बाई. उतरत्या तापात पाणी? आणखी दोन दिस सबूर करा, औषधाचं काम पुरं होऊ द्या."

"हटा बाजूला!" मथुराबाई म्हणाल्या. "फटाके उडवायची अक्कल इथं नगं."

त्यानं ते अजूनच ताठले. मी म्हणालो, "खाजाभाई, पाच मिनिटं माझ्या खोलीत या. तुमच्या मुलाच्या लघवीत काय निघालंय ते बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी आधी कधी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं नव्हतं. एक डोळा मिटायला त्यांना जमेना, मग तळहातानं झाकला. बराच वेळ ते वाकून होते. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी दुसरा हात वर करून मला थांबवलं.

"हे खडे हायेत."

"हो."

"पाण्यात धरलेले खडे. हे घासून, फोडून झालेले न्हायेत. अशा काड्या पाण्यातच फुटतेत." ते सरळ झाले. "साहेब, आमी दारूत घालायचा सोरा धुतो, ठावं हाय का तुमाला? बाजारातला सोरा घाण असतो. तो कढईत पाण्यात विरघळवायचा, गाळायचा, अन् ठेवून द्यायचा. पाणी आटलं, थंडावलं, की कडेला काड्या धरतेत. अशाच. सोऱ्याच्या लांब असतेत." त्यांनी पुन्हा एकदा नळीत पाहिलं, खात्री करून घेतल्यासारखं. "म्हंजे ह्याच्या आत पाणी आटलंय. औषध विरघळून होतं, पाणी कमी पडलं, अन् ते कढईला धरलं."

"मूत्रपिंडाला."

"तेच ते."

मी जे सांगणार होतो त्यातलं एक अक्षरही उरलं नव्हतं.

ते भिंतीला पाठ लावून खाली बसले. जळक्या नखांची बोटं एकमेकांत अडकवली. "म्या माझ्या लेकराच्या पोटात सोरा धरवला," ते म्हणाले. मग, हट्टानं नव्हे, खरंच कळत नसल्यासारखं, "पर मग ओलीनं औषध मरतं, ते खोटं?"

"खोटं नाही. बाटलीत मरतं. पेनिसिलीन पाण्यात पडून राहिलं की हळूहळू मरतं. मथुराबाई सुई देतात तीसुद्धा पाणी घालूनच. पण लगेच देतात. ते मरायच्या आत काम करून जातं. आणि ह्या गोळ्या वेगळ्या. त्यांना पाणी लागतंच."

"पाणी घालून देतेत?" ते एकदम वर बघू लागले. "सुई? पाणी घालून?"

"हो."

"हे त्या दिवशी म्हणायला पाहिजे होतं तुमी."

"पाहिजे होतं," मी म्हणालो.

ते उठले. दारात वळून त्यांनी विचारलं, "गरम पाण्यात जास्त विरघळतं ना? सोरा तरी विरघळतो." मी म्हणालो, "कोमट द्या, सोडा घालून. सोड्यानं आणखी विरघळतं." त्यांनी मान डोलावली आणि वॉर्डाकडं जवळजवळ पळतच गेले.

जाफरनं पहिला पेला दोन घोटांत संपवला. दुसराही. तिसऱ्याला त्याला उलटी झाली. चौथ्यापासून खाजाभाईंनी चमच्यानं सुरुवात केली, घोट घोट, मधे थांबत. बेगमबी पाणी कोमट करून आणायच्या. त्यांच्या चालण्यात तीन दिवसांनी जोर आला होता. पेला नवऱ्याच्या हातात देताना जरा आपटून द्यायच्या.

"खाजाभाई," बब्रुवान म्हणाले, "माझा तांब्याबी घ्या. पोरानं डोळ्यानं अर्धा संपवलाच हाय."

या वेळी खाजाभाईंनी तांब्या घेतला.

मी लघवीसाठी माझं मोजपात्र आणून ठेवलं होतं, रेघारेघांचं काचेचं. दिवेलागणीला त्यात काही नव्हतं. जाफर म्हणाला, कंबरेत दोन्ही बाजूंनी दुखतंय. डॉक्टर येऊन पाहून गेले. घरी गेल्यावर मी पुस्तक काढलं आणि अशा रोग्यांबद्दलचं पान पुन्हा वाचलं. त्यात किती वाचतात याचा आकडा होता. तो वाचून मी पुस्तक मिटलं, कारण त्या आकड्यात जाफर कुठल्या बाजूला बसणार ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

सकाळी साडेसहाला मी दवाखान्याच्या पायऱ्या चढलो तेव्हा खाजाभाई व्हरांड्यात मोजपात्र उजेडाकडं धरून उभे होते. आत लघवी दोनशे दहाच्या रेघेपर्यंत. रंग अजून तांबूस, पण त्यातून पलीकडचा कडुनिंब दिसत होता.

"पहाटं झाली," ते म्हणाले. "एकदम न्हाय. थोडी, मग थोडी. पैल्या थोडीत वाळू होती, हाताला लागली." त्यांनी खरंच बोटं घालून पाहिलं होतं. "दुर्बिणीत बघायची?"

आम्ही पाहिली. आधी त्यांनी, मग मी. पेंढ्या होत्या, पण सबंध गोलात तीन-चार. दुपारच्या नमुन्यात एक. दुसऱ्या दिवशी शोधून सापडली नाही, आणि मोजपात्र मला दिवसातून सहा वेळा रिकामं करावं लागलं.

सल्फा बंद झाल्यावर ताप एक दिवस पुन्हा एकशेएकवर गेला. आम्ही सगळे तक्त्यावरच्या तापाच्या रेघेकडं बघत बसलो. पण पेनिसिलीन एकट्यानं पुरलं. सातव्या दिवशी ताप उतरला तो परत चढला नाही. जाफर बसून भाकरी खायला लागला आणि बापावर करवादायला लागला. "अब्बा, बस करा आता. चाललो की पोटात घागर हिंदकळती." वॉर्डात पहिल्यांदाच कुणीतरी पाण्याला नको म्हणत होतं, आणि ते ऐकून बेगमबी पदराआड हसल्या.

तक्त्यामागच्या कोऱ्या बाजूवर मी झालेलं सगळं लिहून काढलं. सल्फाची मात्रा, पाण्याचा खरा आकडा, स्फटिकांचं चित्र, आणि नातेवाइकांना कुणी काय सांगितलं तेही. डॉक्टरांनी वाचून खाली सही केली.

अकराव्या दिवशी ते निघाले. एस. टी.ला अजून तास होता. घरी काय पाळायचं ते डॉक्टरांनी मला सांगायला सांगितलं, आणि मी ते सांगितलं. महिनाभर दारूच्या खोलीत जाफरनं पाऊल टाकायचं नाही, छातीत ती भुकटी जायला नको. दोन आठवड्यांनी छाती दाखवायला यायचं. धाप लागली, थंडी वाजली तर त्याच दिवशी यायचं. पाणी नेहमीसारखं.

खाजाभाई "व्हय, व्हय" करत होते. पूर्वी मी तेवढ्यावर थांबलो असतो.

"आता तुम्ही मला सांगा," मी म्हणालो. "घरी गेल्यावर काय काय करणार?"

त्यांनी बब्रुवानांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "परीक्षा घेताय व्हय?"

"तुमची नाही. माझी."

ते खाटेच्या कडेवर बसले आणि बोटांवर मोजत सांगू लागले. "दोन हप्त्यांनी आणायचं. धाप लागली तर तवाच. पाणी पोटभर. महिनाभर दारूच्या खोलीत न्हाय." चारही बरोबर. मग पाचवं बोट उघडून म्हणाले, "लग्नाचा हंगाम हाय, पर हरकत न्हाय. तोवर अंगणात बसून वाती वळंल."

"वाती कशाच्या?"

"सुताच्या."

"नुसत्या सुताच्या?"

"न्हाय, सुताला भुकटी चोळून..." ते मधेच थांबले.

बब्रुवान उशीवरून मान उचलून बघत होते. जाफर हसू दाबत होता. खाजाभाईंनी उघडलेलं पाचवं बोट सावकाश मिटलं.

"वातीबी न्हाय," ते म्हणाले. "आजून विचारा साहेब. गाडीला येळ हाय."